मेंदूची भूक

दिवाळीचे चार दिवस घरातले पाच-सहा वर्षांचे मूल एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात करंजी घेऊन अंगणभर हिंडत असते. तरीसुद्धा संध्याकाळी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवीत आजी म्हणतेच, "खातो एवढे, पण मेल्याच्या अंगी म्हणून काही लागत नाही!" ही तक्रार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती खोटी नाही. त्या वयाचे मूल खाते पुष्कळ आणि वाढते सावकाश. मग खाल्लेले जाते कुठे? शास्त्राचे उत्तर असे, की त्याचा मोठा वाटा डोक्याला लागतो.

हे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. शिवाय ते धष्टपुष्ट मुलांकडून मिळाले नाही. मुख्यतः फेफरे येणाऱ्या, फिट येणाऱ्या, डोक्याला इजा झालेल्या मुलांकडून मिळाले. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, पेशा शाळामास्तराचा आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. परंतु मुलांच्या डोक्यात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे हाच ज्याचा रोजचा धंदा, त्याला या इतिहासाची ओढ लागावी यात नवल ते काय?

अपस्मार हे या रोगाचे आपले जुने नाव. स्मृतीचा घात करणारा तो अपस्मार. चरकसंहितेत या रोगाचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि झटका येण्याला 'तमःप्रवेश' असा शब्द योजला आहे. तमःप्रवेश म्हणजे काही काळ अंधारात शिरणे. ग्रीसमध्ये लोक याला देवाची अवकृपा समजत. तिथे सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिप्पॉक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथकाराने बजावून सांगितले, की हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही आणि याचे मूळ मेंदूत आहे. एवढे स्पष्ट सांगूनही जगाने ते ऐकले नाही. कोणी अंगारा लावला, कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल नाकाशी धरली. मूल शुद्धीवर आले की श्रेय कांद्याला किंवा चपलेला मिळे. वास्तविक बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपणच थांबतात.

१८४१ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एका बापाचे पत्र छापून आले. पत्रलेखक विल्यम जेम्स वेस्ट हा इंग्लंडातील केंट परगण्यातला डॉक्टर, आणि रोगी त्याचाच वर्षभराचा मुलगा. चार महिन्यांचा होईपर्यंत मूल छान होते. मग ते एकाएकी मान पुढे टाकू लागले. पुढे पुढे सारे अंगच पुढे वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. असे लागोपाठ पुष्कळदा व्हायचे, आणि मूल पूर्वीसारखे हसेनासे झाले. जळवा झाल्या, रेचके झाली, हिरड्यांना चीर देऊन झाली, गुण काही आला नाही. अखेर त्या बापाने साऱ्या वैद्यवर्गाला विनंती केली, की असा रोगी कोणी पाहिला असेल तर मला सांगा. लंडनच्या एका वैद्याने अशी मुले पाहिली होती. त्याने या झटक्यांना 'सलामाचे झटके' असे नाव दिले होते, कारण ते मूल जणू वाकून सलाम करीत आहे असे दिसे. आपल्या इकडचा 'सलाम' इंग्लंडात जाऊन तान्ह्या मुलाच्या दुखण्याचे नाव होऊन बसला! हा रोग पुढे वेस्टच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या मुलाला मात्र त्या काळी कोणी बरे करू शकले नाही.

कवटीच्या आत पाहता येत नाही, ही वैद्यांची खरी अडचण होती. ज्यांची कवटीच फुटलेली आहे अशा दुर्दैवी रोग्यांनी ती प्रथम थोडी दूर केली. इटलीतील तूरिन शहरी आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. १८७७ साली त्यांनी वेड्यांच्या इस्पितळातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा अभ्यास केला. दीड वर्षाचा असताना हा पोरगा उंचावरून पडला होता. कवटीला मोठे भगदाड पडले, त्यानंतर फेफरे येऊ लागले आणि बुद्धीची वाढ खुंटली. त्या भगदाडावर नुसती कातडी होती आणि तिच्याखाली मेंदू नाडीसारखा उडताना दिसे. मोस्सोंनी त्यावर एक पोकळ झाकण बसवले, ते नळीने लेखणीला जोडले, आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर मेंदूतील रक्ताची भरतीओहोटी आपोआप रेखली जाऊ लागली. मेंदूच्या चित्रणाचा इतिहास लिहिणारे या रेघेला आजच्या यंत्रांची पणजी मानतात.

मोस्सोंनी या मुलाविषयी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ती वाचली तेव्हा माझ्यातला मास्तर बराच वेळ गप्प बसून होता. त्या मुलाच्या मनाची सारी पडझड झाली होती, बोलणे जवळजवळ उरले नव्हते. पण एक इच्छा शिल्लक होती आणि ती तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवी. त्याला शाळेत जायचे होते.

पुढे मोस्सोंना बेर्तिनो नावाचा एक शेतकरी भेटला. त्याच्याही कवटीला भोक होते. दुपारी बाराच्या चर्चच्या घंटा झाल्या की त्याच्या मेंदूची रेघ एकदम उंचावे, हाताच्या नाडीत मात्र काही फरक दिसत नसे. यावरून मोस्सोंनी ताडले, की मेंदू काम करू लागला की रक्त तिकडे धावते. रक्त धावते याचा अर्थ तिथे काही तरी जळते आहे, आणि जळते त्याला इंधन लागते. जर्मनीत येना येथे हान्स बेर्गर यांनी हाच धागा पकडला. मनाच्या शक्तीचे मोजमाप करण्याच्या ध्यासाने त्यांनी आधी मेंदूचे तपमान मोजून पाहिले. पुढे १९२४ साली त्यांना मेंदूतील विजेच्या लहरी सापडल्या आणि १९२९ साली त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्या प्रयोगांत त्यांचा स्वतःचा मुलगा अनेकदा डोक्याला तारा लावून बसला होता. १९३५ साली अमेरिकेत बोस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी या लहरींतच लहान मुलांच्या एका फेफऱ्याची खूण दाखवली. मूल बोलता बोलता थबकते, नजर शून्यात जाते, पेन्सिल हातात तशीच राहते, आणि पाच-दहा सेकंदांनी ते पुन्हा लिहू लागते. त्या सेकंदांत लहरी सेकंदाला तीन या ठेक्याने उसळत असतात. आणि नेमक्या त्याच सेकंदांत वर्गातला मास्तर "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडत असतो.

विजेच्या लहरी कळल्या, तरी इंधनाचा हिशेब राहिलाच होता. तो प्रथम रीतसर मांडला अमेरिकेतील सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी, १९४५ साली. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवायचा, मेंदूकडे जाणारे व मेंदूतून परतणारे रक्त तपासायचे, आणि त्यावरून मेंदूने किती रक्त घेतले व किती प्राणवायू जाळला हे काढायचे, अशी ती रीत. तिच्यातून कळले ते असे : प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या शेकडा २, पण विश्रांतीतला खर्च त्याचा शेकडा २० च्या आसपास! १९५५ साली केटी आणि त्यांचे सहकारी लुई सोकोलॉफ यांनी माणसांना तोंडी हिशेब घालून पाहिले. गणिते सुटली, पण साऱ्या मेंदूच्या खर्चात फरक पडला नाही. मेंदूची शेगडी बहुधा सारखीच पेटलेली असते. गणिताच्या तासाने भूक लागते असे सांगणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग मी अजून सांगितलेला नाही.

१९५७ साली केनेडी आणि सोकोलॉफ यांनी हीच रीत लहान मुलांना लावली. मुले अवघी नऊ होती. त्यांच्या मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सरासरी १०६ घनसेंटिमीटर रक्त मिळत होते, प्रौढाला ६० च्या आसपास मिळते. म्हणजे मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूहून अधिक खाणारा निघाला. पण कुठला भाग किती खातो हे काही या रीतीने कळेना. घराचे विजेचे बिल हाती आले, पण कोणत्या खोलीत किती दिवे जळले हे त्यावर लिहिलेले नव्हते.

तेही सोकोलॉफ यांनीच सोडवले. मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज, साखरेचेच एक साधे रूप. त्यातील प्राणवायूचा एक अणू काढून घेतला की त्याचे डीऑक्सिग्लुकोज होते. चेतापेशी फसते. खरी साखर समजून त्याला आत घेते, पहिला संस्कार करते आणि तिथेच अडते. पुढची पचनक्रिया होत नाही आणि तो पदार्थ बाहेरही पडू शकत नाही. गिऱ्हाइकाने खोटे नाणे दिले आणि ते गल्ल्यात पडून राहिले तसे. ज्या पेशीची भूक मोठी तिच्या गल्ल्यात अशी नाणी जास्त. त्या नाण्यांना किरणोत्सारी खूण केली की झाले! १९७७ साली प्रसिद्ध झालेली ही रीत प्राण्यांवर सिद्ध झाली होती, पण तीत मेंदूचे काप काढावे लागत. जिवंत माणसासाठी फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू वापरायचे ठरले. त्याचे बळ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. १९७६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथे हे औषध तयार झाले आणि विमानाने फिलाडेल्फियास नेण्यात आले. प्रत्येक मिनिटाला ते विरत चालले होते. तिथे दोन स्वयंसेवकांना ते टोचले गेले, आणि माणसाच्या मेंदूतील साखरेचे पहिले चित्र कागदावर उमटले.

याच १९७६ साली आपल्याकडे काय घडले? हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्याला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येतात अशा माणसाला विवाहासाठी अपात्र ठरवणारे शब्द त्यात घालण्यात आले. तिकडे शास्त्रज्ञ या रोगाची मेंदूतली जागा शोधू लागले होते आणि इकडे कायद्याने त्याला वेडाच्या शेजारी नेऊन बसवले. एकाच सालातल्या या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

त्याच सुमारास 'पेट' नावाचे यंत्र पुढे आले. सेंट लुईस येथे मायकेल फेल्प्स, एडवर्ड हॉफमन आणि मायकेल टेर-पोगोसियन यांनी १९७४-७५ च्या सुमारास ते घडवले. फ्लोरीन-१८ मधून पॉझिट्रॉन नावाचा कण निघतो. तो लगेच एका इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नाहीसे होतात, आणि बरोबर विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. डोक्याभोवतीच्या कड्यात दोन टोकांना एकाच क्षणी ठिणगी उडाली की त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कुठे तरी हा प्रकार घडला असे समजायचे. अशा लक्षावधी रेषांतून चित्र उभे राहते. जिथे साखर जास्त, तिथे उजेड.

लॉस एंजलिसच्या विद्यापीठात डेव्हिड कूल, जेरोम एंजल आणि फेल्प्स यांनी १९८० च्या सुमारास फेफऱ्याच्या रोग्यांची अशी चित्रे काढली. झटका चालू असताना ती जागा भडकलेली दिसे, हे अपेक्षितच होते. परंतु झटके नसताना, रोगी शांत पडलेला असताना, तीच जागा पुष्कळदा भोवतालच्या मेंदूपेक्षा मंद आणि उपाशी दिसली. ज्या जागेतून वणवा उठतो ती एरवी विझल्यासारखी असते. 'तमःप्रवेश' हा शब्द योजणाऱ्याला हे चित्र दाखवता आले असते तर!

त्या मंद डागाने पुढे काय साधले ते पाहा. त्याच विद्यापीठात हॅरी चुगानी हे मुलांचे डॉक्टर वेस्टच्या रोगाच्या तान्ह्या मुलांवर काम करीत होते. १९९० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांच्या रोगाचे कारणच सापडत नव्हते अशी ही मुले. त्यांपैकी ५ जणांच्या मेंदूत एकाच बाजूला मागच्या अंगाला साखर कमी खाणारी जागा दिसली. चौघांवर शस्त्रक्रिया करून ती जागा काढण्यात आली आणि सलामाचे ते झटके थांबले. प्रत्येक मुलाला हा उपाय लागू पडतो असे नव्हे, बहुतेकांचा इलाज औषधांनीच होतो. पण १८४१ सालच्या त्या बापाच्या पत्राला, दीडशे वर्षांनी का होईना, थोडेसे उत्तर मिळाले.

आता आजीच्या तक्रारीकडे वळू. निरोगी मुलाला किरणोत्सारी औषध टोचणे योग्य नाही. मग निरोगी मुलाच्या मेंदूचे चित्र मिळावे कसे? चुगानी, फेल्प्स आणि मॅझिओटा यांनी १९८७ साली वाट काढली. एखाद्या तात्पुरत्या दुखण्यासाठी ज्यांची तपासणी झाली होती, पण ज्यांची वाढ पुढे नीट चालली होती, अशी २९ मुले त्यांनी निवडली. सर्वांत धाकटे पाच दिवसांचे, सर्वांत मोठे पंधरा वर्षांचे. नवजात बाळाच्या मेंदूत हालचाल आणि स्पर्श यांचे भाग आणि मेंदूचा खालचा, जुना भाग तेवढे उजळलेले दिसले. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मागचे व बाजूचे भाग उजळतात. बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवू लागते, खुळखुळ्याकडे हात नेऊ लागते, तो हाच काळ. सहा-आठ महिन्यांत कपाळामागचा भाग जागा होतो. तेव्हाच ते परक्या माणसाला पाहून भोकाड पसरते. दोन वर्षांच्या सुमारास मेंदूची भूक मोठ्या माणसाएवढी होते. तीन-चार वर्षांची होते तेव्हा ती जवळजवळ दुप्पट होते, नऊ-दहा वर्षांपर्यंत तशीच राहते, आणि विशीच्या आत हळूहळू उतरते.

ही दुप्पट भूक कशासाठी? शिकागोच्या पीटर हुटेनलॉखर यांनी १९७९ साली चेतापेशींच्या सांध्यांची मोजदाद प्रसिद्ध केली होती. लहानपणी हे सांधे गरजेपेक्षा पुष्कळ अधिक होतात आणि वयात येईपर्यंत वापरात नसलेले छाटले जातात. एवढ्या साऱ्या सांध्यांना पोसायचे तर अन्न लागणारच. मुलाच्या मेंदूचा आजारी तुकडा काढला तरी उरलेला मेंदू त्याचे काम उचलू शकतो, त्यामागेही हीच श्रीमंती असावी असे जाणकार मानतात. २०१४ साली अमेरिकेतील क्रिस्टोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच जुनी चित्रे मुलांच्या मेंदूच्या आकारमानाशी जुळवून पाहिली. पाच वर्षांच्या आसपास विश्रांतीतल्या खर्चाचे शेकडा ६६ एकटा मेंदू खातो, आणि शरीराची वाढ नेमकी तेव्हाच सर्वांत मंद असते. आजीबाईंची तक्रार अशी जागतिक दर्जाच्या नियतकालिकात नोंदली गेली!

इंधनाची ही कथा उपचारालाही उपयोगी पडली. उपासाने झटके कमी होतात हे पुरातन काळापासून ठाऊक होते. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवले, की उपास घडवण्याऐवजी भरपूर स्निग्ध आणि अगदी थोडे पिष्ट-गोड असे जेवण द्यावे, म्हणजे शरीरात उपासासारखीच स्थिती येईल. साखर नसली की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे दुसरे इंधन बनवते, आणि मेंदू त्यावर चालतो हे १९६७ साली जॉर्ज केहिल यांच्या गटाने दाखवले. मग १९९१ साली डॅरिल डी विवो यांनी दोन मुलांची हकीकत दिली. त्यांच्या रक्तात साखर पुरेशी होती, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात फारच कमी होती. साखरेला मेंदूत नेणारा दारवानच कमी पडत होता. भरल्या घरात उपाशी राहावे तसे ते मेंदू उपाशी होते आणि म्हणून झटके येत होते. कीटोनचे दार वेगळे असल्यामुळे या आहाराने ते झटके आवरले. हा आहार मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचा असतो. घरच्या घरी मुलाला उपास घडवणे धोक्याचे आहे, हे सणासुदीच्या दिवशीही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे १९९९ साली विवाहाच्या कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला. २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये पेट यंत्र आणि त्यासाठी लागणारे सायक्लोट्रॉन सुरू झाले. कायदा सुधारला, यंत्र आले. राहिली आपली मने. अजूनही फिट येणाऱ्या मुलीचे दुखणे सोयरिकीच्या वेळी लपवले जाते आणि फिट येणाऱ्या मुलाला 'वर्गात उगाच भानगड नको' म्हणून घरी बसवले जाते. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, शांतपणे घड्याळ पाहावे, आणि झटका पाच मिनिटांवर लांबला तर त्वरित दवाखाना गाठावा. एवढे ज्याला कळते त्याच्या वर्गात असे मूल खुशाल बसू शकते.

वाचकहो, आपले नातवंड तीन महिन्यांचे असताना टक लावून का पाहू लागले आणि पाचव्या वर्षी खाऊनही किडकिडीत का राहिले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ते सांगणारी मुले कड्याच्या यंत्रात डोके घालून निमूट पडली होती आणि त्यांच्या आया बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांचे नाव कुठल्याही ग्रंथावर नाही. त्यांचे देणे फेडायचे तर फार काही करावे लागत नाही. फिट येणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर जागा द्यावी. तूरिनच्या त्या पोराने तेवढेच मागितले होते.